धडधाकट रस्त्यावर पैसा का घालायचा?

अबोली_र:
नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या रस्तेदुरुस्तीचा पैसा कुठे वापरावा, यावर दरवर्षी नागरिकांच्या समितीचं मत घेतात. मी त्या समितीत आहे. यंदा रस्ते विभागाने ठेवलेल्या आराखड्यावरून बैठकीत चांगलीच वादावादी झाली. निधीतला निम्म्याहून मोठा वाटा अशा रस्त्यांसाठी आहे, ज्यांच्यावर आज एकही खड्डा नाही. तिथे भेगा भरायच्या आणि वर पातळ थर द्यायचा. जो रस्ता पार उखडलाय, त्याचे मात्र यंदा फक्त खड्डे बुजवणार. नव्याने बांधायचं पुढे बघू, असं उत्तर.

एक आजोबा उभे राहिले आणि म्हणाले, "तापाने फणफणलेल्याला बाजूला ठेवून धडधाकट माणसाला औषध पाजताय?" सभागृहात टाळ्या पडल्या. आलेले अभियंता तरुण होते, त्यांना काही नीट सांगता आलं नाही. मलाही नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा बैठक आहे. माझे प्रश्न दोन. एक, हा आराखडा खरंच शहाणपणाचा आहे का? दोन, देखभालीसाठी दरवर्षी न चुकता पैसा यायचा असेल तर तो कुठून यावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

निरंजन_वाचक:
महत्त्वाचा विषय. वाचतोय.

खडीकाम:
अबोलीताई, तीस वर्षं रस्त्यांच्या कामात काढली, म्हणून लिहितो.

आजोबांची कळकळ खरी आहे, पण उपमा रस्त्याला लागू पडत नाही. माणूस औषधाने बरा होतो. रस्त्याचा पाया एकदा गेला की वरून काहीही लावा, तो बरा होत नाही. तो खणून पुन्हाच करावा लागतो.

काय होतं ते क्रमाने सांगतो. नवं डांबर काळं, तुकतुकीत आणि लवचीक असतं. ऊन आणि हवा लागून ते हळूहळू कडक होतं, राखाडी पडतं. कडक डांबर चाकाखाली वाकत नाही, तडकतं. आधी केसाएवढी भेग पडते. या टप्प्यावर गाडीत बसलेल्या कुणाला काही जाणवत नाही, रस्ता 'मस्त' असतो. पण त्या भेगेतून पाणी खाली उतरतं. खालचा खडी-मुरमाचा थर कोरडा असेपर्यंत ओझं पेलतो, ओला झाला की ढिला पडतो. मग जड चाक आलं की भेगेतून गढूळ पाणी पिचकारीसारखं वर उडतं आणि जाताना खालची बारीक माती घेऊन जातं. भेगेच्या दोन्ही कडांना वाळलेल्या मातीचे डाग दिसतात ना, ते यामुळे. खाली पोकळी झाली की वर मगरीच्या पाठीसारखे जाळीदार तडे पडतात. मग एक तुकडा निखळतो आणि तुम्ही ज्याला खड्डा म्हणता तो तयार होतो.

केसाएवढ्या भेगेपासून जाळीपर्यंत यायला काही वर्षं जातात. जाळीपासून खड्ड्यापर्यंत एकच ओला हंगाम पुरतो. रस्त्याची घसरण सरळ उतारासारखी नसते. बराच काळ सपाट चालते आणि मग एकदम कडा येतो. आराखड्यातले ते 'चांगले' रस्ते त्या कड्याच्या अलीकडे उभे आहेत, म्हणून त्यांना आधी हात लावायचा.

हिशेबनीस:
खडीकाम यांना अनुमोदन. मी हिशेबाच्या बाजूने बोलतो.

जागतिक बँकेच्या १९९४ च्या विकास अहवालात आफ्रिकेतल्या रस्त्यांचा हिशेब आहे. वेळच्या वेळी १२ अब्ज डॉलर देखभालीवर घातले असते, तर आधीच्या दशकात रस्ते नव्याने बांधण्यावरचे ४५ अब्ज वाचले असते. हा आकडा मी जिथे जातो तिथे सांगतो.

तरीही सगळीकडे देखभालच उपाशी राहते, कारण अंदाजपत्रकात नवा रस्ता हा भांडवली खर्च आणि भेगा भरणं हा महसुली. भांडवली कामाला कर्ज मिळतं, अनुदान मिळतं, उद्घाटनाची फीत मिळते. महसुली खर्च पगार, वीज, इंधन यांच्या रांगेत उभा राहतो आणि हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली कात्री त्याला लागते. भेगा एक वर्ष भरल्या नाहीत तर त्या वर्षी कुणाला काही दिसत नाही, ओरड होत नाही. पाणी मुरतंय हे कळतं चार वर्षांनी, आणि तोवर अधिकारीही बदललेले असतात.

रोजची_दुचाकी:
माफ करा, पण मला हे पटत नाही.

मी ज्या रस्त्याने कामावर जाते तो तुमच्या भाषेत 'कडा ओलांडलेला' आहे. गेल्या वर्षी पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही, पडले. मनगटाचं हाड मोडलं, दीड महिना प्लास्टर होतं. त्याच रस्त्याने शाळेची मुलं सायकलीवर जातात. यंदाही तुमचा रस्ता नाही, कारण तो फार खराब आहे, असं त्यांना तोंड वर करून सांगायचं का? आधी दुर्लक्ष करून तुम्हीच तो खराब केलात, आणि आता खराब झाला म्हणून यादीत मागे?

दुसरं असं की सुस्थितीतले रस्ते बहुतेक वेळा सुस्थितीतल्या वस्त्यांचे असतात. केवळ गणितावर चाललात तर ज्यांच्याकडे आहे त्यांनाच आणखी मिळत राहणार.

अबोली_र:
रोजची_दुचाकी, वाचून वाईट वाटलं. हात आता बरा आहे ना? बैठकीतही हाच मुद्दा होता, फक्त इतक्या स्पष्ट शब्दांत कुणी मांडला नाही.

सुधाकर_पथिक:
+१ रोजची_दुचाकी.

खडीकाम:
रोजची_दुचाकी, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. खड्डा बुजवणं ही देखभाल नव्हे, ती सुरक्षा आहे. तिचा पैसा वेगळा ठेवायचा आणि तो कुठल्याही प्राधान्ययादीत बसवायचा नाही. खड्डा दिसला की भरायचा. रस्ता उद्या उखडून नवा होणार असला, तरी आज भरायचा.

पण नीट भरायचा. बहुतेक ठिकाणी काय चालतं? टेम्पो येतो, पाणी साचलेल्या खड्ड्यात फावड्याने मिश्रण टाकलं जातं, फावड्याच्याच पाठीने थापटलं जातं, टेम्पो पुढे. चार दिवसांत माल बाहेर. खरं काम असं: खड्ड्याच्या कडा कटरने चौकोनी, सरळ उभ्या कापायच्या, पार घट्ट भाग लागेपर्यंत. सैल माल, माती, पाणी सगळं काढून आतून कोरडं करायचं. तळाला आणि चारी कडांना डांबराच्या इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराचा, हात मारायचा. ते आधी तपकिरी दिसतं. काळं पडेपर्यंत थांबायचं. मग माल भरायचा, खोल खड्डा असेल तर दोन थरांत, प्रत्येक थर दाबून, आणि शेवटी रस्त्यापेक्षा किंचित वर ठेवायचा, कारण चाकांनी तो अजून बसणार असतो. चार माणसांचं अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. असा भरलेला खड्डा आजूबाजूच्या रस्त्याइतका टिकतो.

वस्त्यांच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तो तुम्ही बैठकीत मांडायलाच हवा.

टेकडीवरचा:
वीसएक वर्षं हेच ऐकतोय. या कटकटीपेक्षा सगळे रस्ते सिमेंटचे का नाही करत? एकदा करा, तीस वर्षं बघायला नको.

खडीकाम:
'बघायला नको' इथेच घोटाळा होतो. काँक्रीटला सांधे असतात, आणि त्यांत भरलेलं सीलंट काही वर्षांनी सुकून सुटतं. ते बदललं नाही तर पाणी तिथूनही खाली जातं आणि स्लॅबचं टोक हलायला लागतं. शिवाय खालून जलवाहिनी फुटली की अख्खी स्लॅब फोडावी लागते. जिथे बस रोज थांबते, ब्रेक दाबते, तिथे काँक्रीट उत्तमच. तिथलं डांबर ढकललं जाऊन लाटा पडतात. गल्लीबोळात मात्र खालच्या वाहिन्या आधी नीट मार्गी लावल्याशिवाय काँक्रीट करू नये.

मुक्ता_का:
वाहिन्यांचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं सांगते. आमचा रस्ता नवा झाला, सात महिन्यांत एका कंपनीने मधोमध चर खणला. काम झालं, माती लोटली, वर डांबराची पट्टी ओढली. आता तो चर सरळ रेषेत दबलाय आणि पाऊस पडला की रस्त्यात पाण्याची पन्हळ तयार होते. रस्ता नवा, पण त्याचं आयुष्य तिथेच संपलं असं वाटतं. हे थांबवायला काही मार्ग आहे का?

चंदू_चौकस:
नवा रस्ता झाला की केबलवाल्यांना त्याचा वास येतो बहुतेक. :)

खडीकाम:
मुक्ताताई, चर खणला की फक्त तेवढी पट्टी जात नाही. चराच्या दोन्ही बाजूंची खडी आधार गेल्यामुळे आत सरकते, म्हणून कडेचा फूटभर भागही कमकुवत होतो. चर भरताना १५-२० सेंटिमीटरचा एकेक थर टाकून दाबायचा असतो. वरचं डांबर चरापेक्षा दोन्ही बाजूंनी रुंद कापायचं, म्हणजे नवा सांधा घट्ट जमिनीवर येतो. एका दिवसात सगळी माती लोटून वरून रोलर फिरवला तर वरचा वीतभरच दबतो, खालचं पुढच्या वर्षी बसतं.

हिशेबनीस:
यावर पैशाचा उपाय आहे आणि अबोलीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही त्यातच आहे. खणणाऱ्याकडून फक्त चर बुजवण्याचा खर्च न घेता, रस्त्याचं जेवढं आयुष्य घटलं त्याची भरपाई घ्यायची. रस्ता जितका नवा तितकी भरपाई जास्त. नव्या रस्त्यावर काही वर्षं खोदाईबंदी, आणीबाणीचा अपवाद ठेवून. आणि गर्दीच्या रस्त्यावर जितके दिवस अडवाल तितक्या दिवसांचं भाडं. लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने २०१२ पासून अशी भाडेपद्धत सुरू केली. भाडं चुकवण्यासाठी कंपन्या रात्री किंवा कमी वर्दळीच्या वेळी काम करतात, दोघी-तिघी मिळून एकदाच खणतात. हा पैसा थेट देखभालीच्या खात्यात जायला हवा, सर्वसाधारण तिजोरीत गेला की तो दिसेनासा होतो.

रोजची_दुचाकी:
मग गाडीवाल्यांकडून घ्या ना. माझ्या दुचाकीने रस्ता काय झिजणार?

आकडेमोड:
बरोबर मुद्दा. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यावर सैनिकांकडून ट्रक फिरवले होते, रात्रंदिवस, लाखो फेऱ्या. तिथून निघालेला ठोकताळा असा की आसावरचं, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं, ओझं दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान १६ पट होतं, म्हणजे वाढ चौथ्या घाताने. एक टन आसाची मोटार आणि दहा टन आसाची बस धरली तर बसच्या एका आसाचं नुकसान मोटारीच्या दहा हजार पट. दुचाकी तर हिशेबातच येत नाही.

खडीकाम:
आकडेमोड, ठोकताळा बरोबर, पण चौथा घात हा सगळ्या रस्त्यांना लागू असलेला नियम नाही. थर किती जाड, माती कशी, कुठल्या प्रकारची झीज मोजताय, यावर तो कमी-जास्त होतो. आणि शांत गल्लीत जड वाहन जवळजवळ येतच नाही, तरी तिथलं डांबर ऊन-पाण्याने म्हातारं होतंच. म्हणून वाहनांवरच सगळा भार टाकणंही न्यायाचं नाही. रस्त्याकडेची घरंदारंही त्या रस्त्यामुळेच वापरात आहेत. थोडा भाग मालमत्ताकरातून, थोडा वाहनांकडून, थोडा खोदणाऱ्यांकडून, असं मला वाटतं.

हिशेबनीस:
इंधनावरच्या कराचं सांगतो. अमेरिकेत पेट्रोलवर असा कर लावणारं पहिलं राज्य ओरेगॉन, १९१९ मध्ये. जो जास्त फिरेल तो जास्त भरेल, वसुलीही सोपी. पण गाड्या कमी इंधन पिऊ लागल्या, मग विजेवरच्या आल्या, आणि तो झरा आटत चाललाय. त्याच ओरेगॉनने २०१५ मध्ये प्रत्येक मैलामागे शुल्क घेण्याची ऐच्छिक योजना आणली. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्या १९७८ पासून वजन आणि अंतर यांनुसार पैसे भरतात, आणि एप्रिल २०२४ पासून विजेवरच्या मोटारीही त्यात आल्या. बॅटरीमुळे त्या बऱ्याचदा जडच असतात.

कर्जाबद्दल एकच पथ्य पाळा. कर्जाची मुदत कामाच्या आयुष्यापेक्षा लांब नको. सहा वर्षं टिकणारा थर पंधरा वर्षांच्या कर्जातून केलात तर नऊ वर्षं तुम्ही नसलेल्या रस्त्याचे हप्ते भराल.

जुनी_वाट:
थोडं अवांतर. पाण्याचं हे शहाणपण दोनशे वर्षं जुनं आहे. जॉन मॅकॅडम १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा प्रमुख झाला. त्याचं म्हणणं सोपं होतं: ओझं शेवटी मातीच पेलते, आणि ती कोरडी असेल तरच पेलते. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच, मधे किंचित फुगीर, बाजूला चर. वर हाताने फोडलेली बारीक खडी, एकेक तुकडा सहा औंसांपेक्षा जड नको, म्हणजे साधारण १७० ग्रॅम. डांबर तेव्हा नव्हतंच. ते पुढे आलं. १९०१ मध्ये एडगर हूली या ब्रिटिश अभियंत्याला एका लोखंडाच्या कारखान्याजवळ रस्त्याचा एक तुकडा अगदी गुळगुळीत आणि धूळविरहित दिसला. तिथे डांबराचं पिंप सांडलं होतं आणि कुणीतरी त्यावर भट्टीची मळी टाकून झाकलं होतं. १९०२ मध्ये त्याने पेटंट घेतलं.

चंदू_चौकस:
हे माहीत नव्हतं. सुंदर.

अबोली_र:
मलाही नव्हतं. पण धागा भरकटायच्या आत एक शंका. त्या पातळ थराबद्दल बैठकीत कुणीतरी म्हणालं, "नुसता काळा रंग फासून बिल काढतात." यात किती तथ्य?

मुक्ता_का:
आमच्या मागच्या गल्लीत केला होता तो. अर्ध्या दिवसात काम झालं, संध्याकाळी गाड्या सुरू. आम्हीही तेव्हा रंगच म्हणत होतो. आज सहा वर्षं झाली, एक भेग वर आलेली नाही. तो मोठा चरही नशिबाने तिकडे गेला नाही.

सुधाकर_पथिक:
आमच्याकडे उलट. तोच थर, पहिल्याच पावसात पापुद्रे निघाले. लोक म्हणतात तेच खरं.

खडीकाम:
दोघांचंही खरं असू शकतं. सुधाकरराव, तुमच्या रस्त्यावर आधी जाळीदार तडे होते का?

सुधाकर_पथिक:
हो, बरेच. वळणावर तर खाली दबतही होता.

खडीकाम:
मग तिथे तो थर द्यायलाच नको होता. तो डांबराचं इमल्शन, बारीक कच, थोडं सिमेंट आणि पाणी यांचा सहा-आठ मिलिमीटरचा लेप आहे. त्यात ओझं पेलायची ताकद शून्य. त्याचं काम पाणी आणि ऊन अडवणं, आणि चाकाला पकड देणं. पाया शाबूत असेल तर पाच-सात वर्षं काढतो. पाया हलत असेल तर वरचा लेप तडकणारच. योग्य उपाय चुकीच्या रस्त्यावर केला की पैसाही जातो आणि लोकांचा त्या उपायावरचा विश्वासही जातो, हे जास्त वाईट. तिथे जुना थर खरवडून, खालचा खराब भाग बदलून मगच जाड थर हवा होता. खरवडल्याशिवाय थरावर थर देऊ नये, नाहीतर रस्ता उंच होतो, चेंबरची झाकणं खड्ड्यात जातात आणि पाणी घरांकडे वळतं.

म्हणून अबोलीताई, बैठकीत एकच गोष्ट मागा: प्रत्येक रस्त्याची तपासणी आणि त्याला गुण. ० ते १०० अशी मोजणीची पद्धत अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी बसवलेली आहे आणि जगभर वापरतात. कुठल्या प्रकारचे तडे, किती लांब, किती गंभीर, हे पायी फिरून नोंदवायचं. ती यादी भिंतीवर लावा. आजोबांना त्यांचा रस्ता कुठे आहे आणि का, ते दिसू दे.

रोजची_दुचाकी:
ही यादी उघड लावणार असाल तर माझा विरोध मावळला. पण त्या यादीत 'नव्याने बांधायचे' रस्ते कुठल्या वर्षी होणार ते वर्ष लिहा. आणि कुठल्या वस्तीला किती गेले तेही. 'पुढे बघू' चालणार नाही.

हिशेबनीस:
अगदी रास्त. आणि खड्ड्यांचा निधी वेगळा, त्याला हात लावायचा नाही, हेही ठरावात लिहून घ्या.

अबोली_र:
सगळ्यांचे मनापासून आभार. मी ठरावाचा मसुदा असा केलाय: खड्ड्यांसाठी वेगळी रक्कम. भेगा आणि पातळ थर फक्त तपासणीत पाया शाबूत ठरलेल्या रस्त्यांवर. उखडलेल्या रस्त्यांपैकी दरवर्षी निदान एक पूर्ण नव्याने, शाळेकडे जाणारा आधी, आणि बाकीच्यांपुढे वर्ष लिहिलेलं. खोदाईची भरपाई थेट देखभालीच्या खात्यात. रोजची_दुचाकी, शाळेची ओळ तुमच्यामुळे आली.

तपासणीला वेळ लागेल असं विभाग म्हणतो. आम्ही स्वतः निदान भेगा तरी शोधू शकतो का?

खडीकाम:
सहज. पाऊस थांबल्यावर तासाभराने बाहेर पडा. रस्त्याचा पृष्ठभाग सुकतो, पण भेगांमधलं पाणी सुकत नाही. राखाडी रस्त्यावर प्रत्येक भेग काळ्या रेघेसारखी उठून दिसते. एरवी डोळ्याला न दिसणाऱ्याही.

अबोली_र:
काल रात्री इकडे पाऊस झाला. सकाळी आम्ही चौघं गेलो, आजोबांना मुद्दाम बोलावलं होतं. ज्या रस्त्याला ते धडधाकट म्हणाले होते तोच घेतला. खडूने खुणा करत गेलो, पहिल्या शंभर पावलांत २३ रेघा. एका ठिकाणी आजोबा खाली बसले, भेगेच्या कडेचा तो वाळलेल्या मातीचा डाग बोटाने पुसला आणि बराच वेळ बोट बघत राहिले. मग विचारलं, "ही कधी भरायची?"

खडीकाम:
आजोबांना सांगा, आत्ता नाही. चार-सहा कोरडे दिवस जाऊ द्या. थंड हवेत भेग थोडी उघडी असते, तेव्हा. आधी दाबाच्या हवेने आतली माती उडवायची, मग गरम सीलंट. त्या २३ जागांचे फोटो आणि त्यांची रुंदी इथे टाका, कुठली आधी घ्यायची ते बघू.